थोरलीचं माप

टेलरमास्तरांनी थोरलीला पहिल्यांदा पाहिलं त्या क्षणी, त्यांच्याच सांगण्यानुसार, वारा पडला, झाडावरचे पक्षी गप्प झाले आणि आभाळातून उन्हाची एक तिरीप नेमकी तिच्या बॉनेटवर येऊन टेकली. दर वेळी सांगताना ती तिरीप थोडी रुंद होते. गेल्या काही वर्षांत तिच्यात इंद्रधनुष्यही मिसळलं आहे. प्रत्यक्षात थोरली तेव्हा एका दंतवैद्याच्या घरामागे विटांवर उभी होती, तिची चाकं कुणीतरी काढून नेली होती आणि मागच्या सीटवर एक मांजर बाळंतीण झाली होती. मास्तर आले होते दंतवैद्याच्या कोटाचं माप घ्यायला. टेप दंतवैद्याच्या पोटाभोवती आणि नजर खिडकीबाहेर, अशा अवस्थेत त्यांनी जे माप घेतलं, त्या मापाच्या कोटात पुढे दंतवैद्य आणि त्यांची बायको असे दोघेही आरामात मावले असते. पण माणूस भला. त्यांनी कोट परत केला नाही आणि गाडी मास्तरांना विकून टाकली.

मास्तरांच्या लग्नाला तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. बायकोनं दारात उभं राहून त्या मातकट रंगाच्या, एका दिव्यानं तिरळं बघणाऱ्या गाडीकडे बराच वेळ पाहिलं.

"ही आता इथंच राहणार?"

"अगं, म्हणजे काय!"

"बरं. मग आजपासून ही थोरली आणि मी धाकटी."

नाव चिकटलं ते चिकटलंच. आणि बाईंच्या म्हणण्यात तथ्य होतं. मास्तरांनी थोरलीला जेवढे कपडे शिवले तेवढे बायकोला शिवले नाहीत. सीटला उन्हाळ्याची वेगळी कव्हरं, थंडीची वेगळी. गिअरच्या दांड्याला टोपी. डिकीतल्या जादा टायरला चक्क बटणांचा कोट. सासऱ्यांच्या पंचाहत्तरीला स्वतः मास्तर उसवलेल्या खिशाचा शर्ट घालून गेले होते, टायर मात्र बटणं लावून बसला होता.

मुलगी जन्मली तेव्हा दवाखान्यातून घरी आली ती थोरलीतूनच. आता त्याच मुलीचे दिवस भरत आले होते, ती बाळंतपणाला माहेरी आली होती, आणि मास्तरांनी घरात, दुकानात आणि न विचारणाऱ्या शेजाऱ्यांनाही जाहीर करून टाकलं होतं की नातवंड घरी येईल ते थोरलीतूनच. कामाच्या गावी अडकलेल्या जावईबापूंनी फोनवर "टॅक्सी सांगून ठेवू का?" एवढंच विचारलं, तर मास्तर दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत.

आणि अशात, शाळेजवळच्या वळणावर, सिग्नलला गुमान उभ्या असलेल्या थोरलीला समोरून वळणाऱ्या मालाच्या व्हॅननं डाव्या कोपऱ्यात ठोकलं.

व्हॅनवाला घाबरून पळत आला. "काका, लागलं का हो कुठं?"

"लागलं ना," मास्तर खाली वाकून म्हणाले. "डावा डोळा गेला."

व्हॅनवाल्यानं मास्तरांचे दोन्ही डोळे शाबूत पाहिले आणि तो आणखीच घाबरला.

थोरलीला ओढत उस्तादच्या गॅरेजमध्ये नेलं. उस्ताद म्हणजे गाड्यांचा हाडवैद्य. वर्षानुवर्षं गाड्यांखाली वाकून त्याची मान आखडली होती. ती वळत नसे, त्यामुळे तो माणसाकडे बघायचं तर अख्खा वळायचा, ट्रकसारखा. त्यानं चेपलेल्या कोपऱ्याभोवती एक चक्कर मारली, दबलेल्या पत्र्यावर बोटं आपटली आणि म्हणाला, "मास्तर, पत्रा म्हणजे कातडी. कातडीची काळजी करू नका, ती मी शिवतो. सांगाडा वाकला असेल तर मात्र माझ्या हातात काही नाही."

"वाकलाय की नाही ते कळणार कसं?"

"कर्ण मोजायचे. पुढच्या डाव्या बोल्टपासून मागच्या उजव्या बोल्टपर्यंत दोरी धरायची, तिथं गाठ मारायची. मग तीच दोरी उलट्या बाजूनं. गाठ बोल्टवर आली तर गाडी सरळ. नाही आली तर तिरकी. आणि तिरकी गाडी मी रस्त्यावर सोडत नाही. ब्रेक मारला की ती कुठं जाईल ते तिचं तिला ठाऊक नसतं."

शहराच्या दुसऱ्या टोकाला यासाठी मोठं यंत्र होतं, पण उस्तादचा दोरीवर विश्वास. त्याची नेहमीची दोरी सापडेना. मास्तरांनी खिशातून पायजम्याच्या नाडीची गुंडाळी काढली.

"ताणली जात नाही ना ही?" उस्तादनं विचारलं.

"माझ्या दुकानातली आहे," मास्तर म्हणाले. म्हणजे विषय संपला.

गॅरेजच्या खड्ड्यात दोघं उतरले. पिवळा बल्ब, तेलाचा वास, डोक्यावर थोरलीचं काळं पोट. उस्तादनं पुढचं टोक धरलं, मास्तरांनी मागचं. पहिला कर्ण झाला, मास्तरांनी गाठ मारली. मग दोघांनी बाजू बदलल्या. मास्तरांनी नाडी बोल्टकडे नेली.

गाठ दोन बोटं अलीकडेच राहिली होती.

मास्तरांच्या धंद्यात ही दोन बोटं रोजची. कापड कमी पडतं, गिऱ्हाइकाचं पोट वाढतं, बाही आखूड होते. आणि या सगळ्यावर मास्तरांचं एकच औषध होतं: ओढलं की बसतं. ओल्या कापडावर इस्त्री ठेवायची, बेतानं ओढायचं, दोन बोटं निघतात. आयुष्यभर त्यांनी अशी हजारो दोन बोटं काढली होती. त्यामुळे डोक्यानं काही ठरवायच्या आधी हातानं ठरवलं. नाडी किंचित ताणली गेली, कुरकुरली आणि गाठ अलगद बोल्टवर जाऊन बसली.

"बसलं का?" पुढून उस्तादनं विचारलं. त्याची मान वळत नव्हती.

"बसलं."

"नीट बघा. घाई नाही."

"अरे बोल्टवर आहे गाठ!" मास्तर ओरडले. ते खोटं नव्हतं. गाठ बोल्टवरच होती.

त्या संध्याकाळी घरी येऊन त्यांनी "आपल्याच नाडीनं मोजलं, माप बसलं" असं सांगितलं, ताटावर बसले आणि एका घासावर उठले.

उस्तादनं काम मन लावून केलं. पत्रा ठोकला, रंग दिला, नवा दिवा बसवला. थोरली अशी उजळली की मास्तरांनी नव्या कव्हरांचं कापड लगेच फाडायला घेतलं. मऊ, फिकट, बाळाच्या अंगाला टोचणार नाही असं. पण गाडी न्यायला गेले तेव्हा उस्ताद दारात अडखळून उभा होता.

"मास्तर, ती डावीकडे ओढतेय. चाकं नीट केली, टायर बदलले, तरी ओढतेय. त्या दिवशी माप बरोबर होतं ना?"

खरं सांगायची दुसरी संधी आयती समोर उभी होती. मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं आणि मान फिरवली.

"बरोबर होतं की. म्हातारी झालीय रे ती. आपण नाही का चालताना एका बाजूला झुकत?"

उस्ताद अख्खा वळून त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्यानं किल्ली दिली.

मुलगी दवाखान्यात गेली ती टॅक्सीनंच; कळा रात्रीच सुरू झाल्या आणि मास्तरांना थोरलीची किल्ली ऐन वेळी "सापडली नाही". नात झाली. दोघी सुखरूप. आणि मग उजाडला तो घरी आणायचा दिवस.

नवरा-बायको दवाखान्यात निघाले. मास्तर स्टिअरिंग उजवीकडे वळवून सरळ चालले होते.

"अहो, वळायचंय का?"

"नाही."

"मग असं का धरलंय?"

"सवय."

दवाखान्याच्या वाटेवर आधी एक उतार, मग दवाखान्यापर्यंत चढ. अर्ध्या उतारावर एक सायकलवाला आडवा आला. मास्तरांनी ब्रेक मारला. पुढची चाकं थांबली, पण मागच्या बाजूनं वेगळाच विचार केला; शेपटी रस्ताभर फिरली आणि थोरली तिरकी होऊन फुटपाथला टेकली. सायकलवाला शिवी देऊन गेला. बायकोचा चष्मा पायाशी पडला होता. तिनं तो उचलला, पदरानं पुसला, डोळ्यांवर चढवला.

"टायर नवे आहेत," मास्तर म्हणाले. "रुळायला वेळ लागतो."

तिनं चष्म्यातून उजवीकडे वळलेल्या स्टिअरिंगकडे पाहिलं.

दवाखान्याच्या पायऱ्यांपुढे गाडी लागली. मुलगी बाळाला घेऊन मागच्या सीटवर बसली, फिकट मऊ कव्हरावर. बाळ म्हणजे दुपट्यातून डोकावणारं एक नाक होतं.

"काय छान शिवलंय बाबा! हिला कळलं बघा, लगेच झोपली."

मास्तरांनी किल्ली लावली. समोर फाटक, फाटकाबाहेर उतार आणि उताराच्या तळाशी बसगाड्यांचा चौक. किल्ली फिरवायची, की झालं. सगळ्या गल्लीला सांगून ठेवलं होतं. शेजारीण गॅलरीत उभी असणार. त्यांनी आरशात पाहिलं. नाक स्वस्थ झोपलं होतं. मग त्यांनी बाजूला पाहिलं. बायकोनं दोन्ही पाय समोर घट्ट रोवले होते आणि तिची नजर किल्लीवर होती.

"बाबा, चला ना! आजोबा झालात म्हणून गाडी चालवायला विसरलात की काय?"

"उतरा," मास्तर म्हणाले.

"काय?"

"उतरा म्हणतोय ना. दोघी. म्हणजे तिघी. उतरा आधी!"

मुलगी बावरून बाहेर पडली आणि बाळाला घेऊन सावलीत जाऊन उभी राहिली. बायको मात्र जागची हलली नाही.

"नाडी ओढलीत ना?" ती हळूच म्हणाली.

मास्तर उडालेच. "तुला कुणी सांगितलं? उस्ताद बोलला?"

"उस्ताद कशाला बोलेल? त्या दिवशी माप बसलं म्हणालात आणि अन्नावरून उठलात. माप बसल्यावर तुम्ही दोन पोळ्या जास्त खाता. आणि ज्या गिऱ्हाइकाची पॅंट तुम्ही ओढून बसवता, त्याच्या तोंडाकडे बघत नाही तुम्ही. गेले कित्येक दिवस माझ्या तोंडाकडे बघितलं नाहीत."

"मग बोलली का नाहीस?"

"थोरलीच्या बाबतीत धाकटीनं तोंड घालू नये म्हणून गप्प होते." तिनं दार उघडलं. "पण किल्ली फिरवली असतीत ना, तर हात धरला असता. मोडला असता तरी चाललं असतं. तुमचा."

मास्तरांनी किल्ली काढून तिच्या हातात ठेवली. एकदा त्यांनी स्टिअरिंग धरलं. उजवीकडे वळवून, म्हणजे सरळ. मग उतरले आणि फाटकाबाहेर जाऊन त्यांनी टॅक्सीला हात केला. टॅक्सीच्या सीटला प्लॅस्टिक होतं, फाटलेलं. मास्तरांनी थोरलीचं मागचं कव्हर काढून त्यावर अंथरलं आणि पुढे ड्रायव्हरशेजारी बसले. घरापर्यंत ते त्याला एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगत होते: "हळू हं. हळू."

शेजारणीनं गॅलरीतून विचारलं, "थोरली कुठंय?"

"बरं नाही तिला," बायकोनं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी उस्तादनं गाडी ओढून नेली आणि या वेळी पोलादी टेप लावली. कर्णांत दोन बोटांचा फरक निघाला. सोमवारी भंगारवाला तिला घेऊन गेला. हल्ली मास्तर बसनं जातात.