पावलांवरच्या फुल्या

शस्त्रक्रिया यशस्वी झाली असे नेमके केव्हा म्हणावे? एवढ्याच प्रश्नाचे उत्तर मांडण्यासाठी हे लिहितो आहे. ते मला वॉर्डातल्या मोठ्या सिस्टरांनी दिले, आणि रागावूनच दिले. दुसऱ्या रीतीने त्या काही देत नसत.

पिशोर गावचे माझे थोरले बंधू, दादा, यांच्या पोटातल्या मुख्य रक्तवाहिनीला फुगा आला होता. शहरातल्या रुग्णालयात, पोट न उघडता, जांघेतून नळी सरकवून आतून अस्तर बसवायचे ठरले. आदल्या दिवशी सिस्टरांनी दादांच्या दोन्ही पावलांवर नाडीचा ठोका शोधून तिथे पेनाने फुल्या मारल्या. शस्त्रक्रियेनंतर पायात रक्त पोचते का, ते त्याच जागी बोट ठेवून पाहायचे होते.

ते दुष्काळाचे वर्ष. शहर वाळूजच्या कारखान्यांपर्यंत पसरले होते. नळ मात्र आठ-आठ दिवस कोरडे. आंघोळीला पाणी नव्हते, म्हणून मी ओल्या फडक्याने दादांची धुळकट पावले पुसली. फुल्याही गेल्या.

"गुरुजी, फळा पुसायची खोड शाळेत ठेवायची," सिस्टर कडाडल्या. "इथं माणसाचा पाय जातो."

त्यांनी पुन्हा ठोके शोधले, पुन्हा फुल्या मारल्या.

दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. वहिनींनी पेढेही वाटले. शिकाऊ डॉक्टरांनी कागदावर लिहिले, दोन्ही पायांना नाडी लागते. सिस्टरांनी कागद न वाचता फुल्यांवर बोटे ठेवली. डावे पाऊल गार होते.

"डॉक्टर, बोट कुठं ठेवलं होतं? पायावर का कागदावर?"

मघाशी सगळे ठीक होते, असे ते पुटपुटले. सिस्टरांनी त्यांचे मनगट धरून बोट फुलीवर टेकवले. "आता लिवा."

अस्तराच्या डाव्या पायाकडे जाणाऱ्या फाट्यात रक्ताची गुठळी होती. दादांना तडक परत आत नेले. त्यांचा पाय वाचला.

काही वर्षांनी सिस्टरांच्या निवृत्तीच्या निरोप समारंभाला मी आणि दादा गेलो होतो. तिथे वक्त्यांनी त्यांच्या तापटपणाचे किस्से सांगितले. हशा पिकला. तेच डॉक्टर, आता मोठे झालेले, सर्वांत जोरात हसले. न तपासता लिहिलेल्या कागदाबद्दल कोणी अवाक्षर काढले नाही. तो हशा मला आजही सहन होत नाही.

सिस्टर हसल्या नाहीत. जाताना त्यांनी दादांना एवढेच विचारले, दरवर्षीचा स्कॅन केला का. दादांनी मान खाली घातली. दुखत नव्हते, म्हणून दोन वर्षे गेलेच नव्हते.

"फुगा आतच हाय, दादा. नुसता झाकलाय. अस्तर सरकलं, रक्त झिरपलं, तर तुम्हाला कळणार बी नाय."

दुसऱ्या दिवशी मी दादांना स्कॅनला नेले. रक्त झिरपू लागले होते, वेळेत सापडले. शस्त्रक्रिया यशस्वी झाली, हे एकदाच म्हणून भागत नाही; दर वेळी स्वतः तपासून पाहावे लागते.

माझ्या शब्दावर विसंबू नका. आपल्या घरी असे अस्तर बसवलेला माणूस असेल, तर त्याची फाईल उघडा आणि शेवटच्या स्कॅनची तारीख स्वतः वाचा.