हलवलेली फाइल

हे मी घरात बोलले नाही, ऑफिसात नाही, आणि निवृत्तीच्या भाषणात तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखणाऱ्यांना सांगण्याइतकं धैर्य माझ्यात कधीच नव्हतं.

मी कामं क्रमानं करणारी बाई. सकाळी यादी, संध्याकाळी यादीवर रेघा. नवीन जालन्यात एका बियाणे कंपनीच्या ऑफिसात संगणक विभाग माझ्याकडे होता. विभाग म्हणजे दोन खुर्च्या — एक माझी, एक सुधाकरची. सुधाकर वाटूरचा, माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी लहान. करारावर होता. त्या उन्हाळ्यात त्याला कायम करायचं की नाही हे ठरणार होतं, आणि साहेब ते मला विचारून ठरवणार होते.

भोकरदन, वाटूर, परतूर — आमचे डेपो फोनच्या लाइनवरून जालन्याच्या सर्व्हरला जोडलेले. माणसानं नाव आणि पासवर्ड टाकला की सर्व्हरवरची एक सेवा तो तपासायची आणि आत घ्यायची. ती सेवा बंद पडली की कुठल्याच डेपोत बिल फाटायचं नाही. सुधाकरचं म्हणणं, पहारेकऱ्यावरही पहारा पाहिजे. त्यानं दोन-तीन महिने खपून त्या सेवेसाठी सक्तीचे नियम लिहिले. आम्ही त्याला पॉलिसी म्हणायचो. सर्व्हरवरच्या प्रत्येक फाइलला एक लेबल असतं. सेवेनं कुठल्या लेबलाची फाइल वाचायची, कुठल्या लेबलाची लिहायची, हे पॉलिसीत ठरलेलं. बाकी सगळं बंद. मालकालाही सूट नाही. सेवेत कुणी चोर शिरलाच, तरी त्याला पुढे हलता येऊ नये.

काम सुरेख होतं. मी ते तेव्हाही ओळखलं होतं — हे लिहून ठेवते.

त्यानं मला एकच गोष्ट बजावली होती. “ताई, फाइल हलवू नका, कॉपी करा. कॉपी केली की नव्या जागेचं लेबल लागतं. हलवली की जुनंच लेबल घेऊन जाते, मंग सेवा तिला हात लावत न्हाई.” मी मान डोलावली होती.

पण माझी सवय काय? एका कागदाच्या दोन प्रती कुठे राहू द्यायच्या नाहीत. वाटूरला नवा कारकून आला होता, सेवा ज्या फाइलमधून नावं तपासायची, तिच्यात त्याचं नाव घालायचं होतं. मी ती फाइल माझ्या फोल्डरमध्ये नव्यानं तयार केली, तपासली, आणि सेवेच्या फोल्डरमध्ये — हलवली. मागे पसारा नको म्हणून. सेवा पुन्हा सुरू केली, आणि सगळे डेपो बाहेर.

मृगाच्या आधीचे दिवस. बियाण्याला गर्दी. वाटूरहून फोन आला, लोकं दारात बसून राह्यलेत अन् मशीन विचारतंय तुम्ही कोण. भोकरदनच्या कारकुनानं तर ऐकवलं की त्याचं नाव त्याच्या बायकोला चालतं, फक्त माझ्या सर्व्हरला चालत नाही. मी लॉग उघडला, म्हणजे काय अडलं याची सर्व्हर स्वतः ठेवतो ती नोंद. पहिल्याच ओळीत फाइलचं नाव होतं आणि पुढे लेबल — माझ्या फोल्डरचं. लगेच कळलं. दुरुस्ती एका ओळीची. मी ती टाइप करायला घेतली होती.

तेवढ्यात पुन्हा फोन वाजला. डेपोचा असेल म्हणून उचलला. औरंगाबादच्या एका कंपनीतून कुणीतरी अदबीनं विचारत होतं — सुधाकर जालन्याहून निघालेत का? मुलाखत तीन वाजता आहे.

सुधाकर त्या दिवशी रजेवर होता. वडलांचे डोळे दाखवायला नेतो, असं मला सांगून. मी विचारपूस केली होती, चांगल्या डॉक्टरचा पत्ताही दिला होता. तो पत्ता त्यानं नीट घडी करून खिशात ठेवला होता.

काय वाटलं म्हणून सांगू? चार वर्षं ज्याला हाताला धरून शिकवलं, डब्यातली भाजी वाटून घेतली, साहेबांपुढे ज्याची बाजू मांडली — तो माझ्याशी खोटं बोलून निघाला होता. नोकरी शोधली म्हणून राग नव्हता. मला सांगितलं नाही म्हणून होता. की सांगण्याजोगी मी त्याला वाटलेच नाही, म्हणून?

फोन ठेवला आणि साहेब दारात. काय झालंय, त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, “सुधाकरची पॉलिसी.”

दोनच शब्द. मला कारण माहीत होतं. अंदाज नव्हता, शंका नव्हती — समोर पडद्यावर ओळ होती. साहेबांना ती वाचता येत नव्हती, एवढंच. त्यांच्यादेखत मी पॉलिसी बंद केली, आणि डेपो एकेक करून आत आले. याहून मोठा पुरावा कुणाला हवा? साहेब म्हणाले, ते राहू द्या बंदच. ते गेल्यावर मी फाइलचं लेबल नीट केलं आणि लॉगमधल्या त्या ओळी पुसल्या. नेहमीसारखं, मागे पसारा नको म्हणून.

दुसऱ्या दिवशी सुधाकर आला. ऐकून त्याचा चेहराच उतरला. त्यानं जेवणाच्या सुट्टीत पॉलिसी पुन्हा चालू करून पाहिली. सगळं व्यवस्थित चाललं. चालणारच होतं. तो नियम पहिल्यापासून वाचायला बसला, दुसऱ्या दिवशीही तेच, आठवडाभर तेच. मी शेजारच्या खुर्चीत. साहेबांना त्यानं सांगून पाहिलं की आता बराबर चालतंय. ते म्हणाले, “आज चालतंय रे. गर्दीच्या दिवशी बंद पडलं त्याचं काय?” मला विचारलं, याला कायम करायचं का. मी म्हणाले, तुम्ही बघा.

कायम केलं नाही. औरंगाबादचंही जमलं नाही.

करार संपला त्या दिवशी त्यानं सर्व्हरवरून स्वतःची पॉलिसी स्वतः काढली. आपल्यामुळे पुन्हा कुणाची बिलं अडायला नकोत, म्हणाला. काढून झाल्यावरही उठेना. मग माझ्याकडे न बघता बोलला.

“ताई, तुमच्याशी खोटं बोललो. वडलांचं नाव सांगून मुलाखतीला गेल्तो. इथं कायम न्हाई झालो तर, म्हणून. तुम्हाला सांगायची लाज वाटली. तवापासून मनाला लागून राह्यलंय.”

आणि मग, “माझं नेमकं काय चुकलं ते काही केल्या सापडंना. तुम्हाला दिसलं असंल तर सांगा.”

त्यानं विचारलं होतं. सरळ, समोर बसून विचारलं होतं.

मी म्हणाले, “जाऊ दे. मी मनावर घेतलेलं नाही.”

त्यानं वाकून नमस्कार केला. मोठ्या मनाच्या आहात, म्हणाला. तो वाटूरला परत गेला, भावाबरोबर ठिबकच्या सामानाचं दुकान टाकलं. संगणकाचं काम त्यानं पुन्हा धरलं नाही. कुणी बोलवलं तर सांगतो म्हणे, मला ते नीट जमत नव्हतं.

त्याला जमत होतं.