कुंकू लागलेलं गिफ्ट कार्ड

दिवाळीला मुंबईच्या भावाने कपड्यांच्या एका मोठ्या दुकानाचं गिफ्ट कार्ड दिलं. डहाणूत त्या दुकानाची शाखा नाही, पण ऑनलाइन चालेल म्हणाला. आईने विचारलं, हे काय? मी म्हणालो, पैसेच समज. तिने तसंच समजून लक्ष्मीपूजनाला ते नोटांच्या शेजारी मांडलं आणि त्याला ओलं हळदकुंकू लावलं.

पाडव्याला मी मोबाइलवर तिच्यासाठीच साडी निवडली. पैसे भरताना साइटने कार्डाच्या मागच्या चंदेरी पट्टीखालचा नंबर मागितला. पूजेत कार्ड नेमकं पालथं होतं. नाण्याने पट्टी खरवडली तर कुंकू आकड्यांवर पसरलं. तीन की आठ, कळेना. अंदाजाने टाकत गेलो, तर कार्डच बंद झालं.

हेल्पलाइनवरच्या मुलीने फोटो मागवला आणि कार्ड खराब झालंय म्हणाली. मला काही उमगेना. पैसे कार्डात आहेत की दुकानात? दुकानात असतील, तर माझ्या कार्डाला कुंकू लागल्याने त्यांचं काय बिघडलं? कार्डात असतील, तर ते माझ्या हातातच आहेत की.

"खराब नाही हो, पूजा केलीय," मी म्हणालो.

"म्हणजे नेमकं काय सांडलं, सर?"

शेजारी चिकू निवडत बसलेली आई सगळं ऐकत होती. ती म्हणाली, "त्यांच्या दुकानात लक्ष्मीपूजन करत नाहीत का, विचार."

मी विचारलं. "एक मिनिट होल्ड करा, सर," ती म्हणाली आणि गाणं लागलं.