अप्पांचा पाळीबदल

अप्पा पहिल्यांदा भेटले तेव्हा त्यांनी माझं नावसुद्धा विचारलं नाही. मनगट धरून थेट प्लांटमध्ये नेलं, एका गाळणीच्या भांड्याजवळ उभं केलं आणि म्हणाले, "कान द्या." मग त्यांनी बाजूचा छोटा व्हॉल्व्ह हळूच फिरवला. आत कोंडलेली वाफ फुसफुसत नळीतून कंडेन्सरकडे गेली. आवाज पुरता थांबला, तेव्हा कुठे ते माझ्याकडे वळले. "हां, आता सांगा. गाव कंचं?"

लातूरचा आमचा कारखाना सोयाबीनचं तेल काढायचा. बियांतलं तेल ज्या द्रवाने ओढून घेतात, तो पेट्रोलसारखा भडक. म्हणून कुठलंही भांडं उघडण्याआधी दोन्हीकडचे व्हॉल्व्ह बंद करायचे आणि मध्ये अडकलेला दाब छोट्या वाटेने सोडून द्यायचा. त्या वाटेला आम्ही ब्लीड म्हणायचो. सगळीकडे पाळी बदलताना रजिस्टरवर सह्या होतात आणि जाणारा घराकडे सुटतो. अप्पांना ते मान्य नव्हतं. ज्या भांड्याचं काम चालू असेल तिथे ते मला घेऊन जात आणि माझ्यासमोर ब्लीड उघडत. "दाब गेला, हे दुसऱ्यानं सांगून चालत न्हाई. आपल्या कानानं घ्या, मग सही करा."

व्हॉल्व्ह फिरवताना ते स्वतःशीच "निधान, निधान" म्हणत. अप्पा उदगीरचे, घरात निम्मं कन्नड. निधान म्हणजे सावकाश. पण पाळीबदलाला गेटवर कधी डबे उघडून बसलो की हे सावकाश प्रकरण कुठे पळायचं कोण जाणे. माझी भाकरी मोडून होईपर्यंत त्यांचा डबा धुऊन झालेला असे.

सीझनमध्ये बारा तासांच्या दोन पाळ्या. एक त्यांची, एक माझी. ते आत तेव्हा मी घरी, मी आत तेव्हा ते घरी. सीझन संपला की मला मालकाच्या नांदेडच्या कारखान्यात धाडत. त्यामुळे आमची सगळी दोस्ती गेटपासून त्या भांड्यापर्यंतच्या वाटेवर झाली. तरुणपणी ते बापाच्या दुकानातून पळून गेले होते. ती गोष्ट मी तुकड्यातुकड्यांनी ऐकत होतो. ऐन रंगात आली की ते थांबत. "उरलेलं माहूरला सांगतो." एक अख्खा दिवस काढून दोघांनी माहूरला जायचं, रेणुकामातेचं दर्शन घ्यायचं, डोंगरावर बसून पोटभर बोलायचं, असं आमचं ठरलेलं होतं. दर्शनाचं निमित्त. मला हवा होता तो दिवस.

एकदा तो मिळालाही. विजेच्या दुरुस्तीसाठी कारखाना एक दिवस बंद राहणार होता. गाडी गेटवर उभी, अप्पांच्या घरून वहिनींनी धपाटे बांधून दिलेले. अप्पा म्हणाले, "एकदा नजर टाकून येतो." मी कपाळावर हात मारला आणि त्यांच्यामागे गेलो.

गणपत फिटर गाळणीचं झाकण उघडायला बसला होता. ब्लीड उघडलेला, दाबाचा काटा शून्यावर. पाना बोल्टला लावलेला.

"आवाज कुणी ऐकला?" अप्पांनी विचारलं.

"आवाज न्हाई आला, अप्पा. आत कायच न्हाई."

"पाना ठेव. बाजूला हो."

त्यांनी वरच्या बाजूची दुसरी वाट, व्हेंट, अगदी सावकाश उघडली. नळी सूं सूं करत थरथरायला लागली. ब्लीडच्या तोंडात पेंडीचा भुगा बसला होता, काट्याच्या नळीतही तोच; दाब आतच कोंडलेला. "आवाज आला तर भ्यायचं न्हाई, गणपत," अप्पा म्हणाले. "न्हाई आला तर लई भ्यायचं."

मग त्यांना कोण हलवणार? प्लांटमधला प्रत्येक ब्लीड त्यांनी साफ करून घेतला. धपाटे गणपतने खाल्ले. संध्याकाळी गेटवर अप्पा म्हणाले, "माहूर कुठं पळून चाललंय?" मला राग आला होता. राग त्यांच्यावर नव्हताच; दिवसावर होता.

पुढे ते निवृत्त होऊन उदगीरला गेले. फोनवर दर वेळी मी म्हणायचो, "सीझन सरला की जाऊ." ते मोकळे झाले, पण मी अडकलेला. पाळी बदलताना नवा इन्चार्ज सही करून निघायचा. मी एकटाच भांड्यापाशी जायचो. अप्पांची फार आठवण यायची.

गेल्या वर्षी एका सकाळी त्यांच्या मुलाचा फोन आला, अप्पा गेले. सुट्टी मागितली तर साहेबांनी एका शब्दात दिली. इतकं सोपं होतं ते.

अप्पा लिंगायत; त्यांच्यात गेलेल्या माणसाला निजवत नाहीत, बसवतात. ओसरीवर भिंतीला टेकवून अप्पांना बसवलं होतं. कपाळावर विभूती, अंगावर शाल, गळ्यात हार. भजन चालू होतं, माणसं येऊन पाया पडून जात होती. मी दारातच घुटमळलो. वहिनी म्हणाल्या, "भावजी, बसा त्यांच्यापाशी. लई याद काढायचे तुमची."

मी त्यांच्या शेजारी भिंतीला टेकून बसलो. संध्याकाळी समाधीसाठी उचलेपर्यंत उठलो नाही. पूर्ण दिवस आम्ही दोघं शेजारी होतो, आणि दोघांपैकी कुणालाच पाळीवर जायचं नव्हतं.