बोडक्या डोक्याचा सॅल्यूट

जळगावच्या सभागृहात, भरल्या माणसांत, सर माइकवरून म्हणाले, "आता आमचे हवालदार पाहुण्यांना एक कडक सॅल्यूट देतील."

आमचे हवालदार म्हणजे मी. सतरा वर्षं फौजेत काढली, आता धुळ्याला कॉलेजच्या गेटवर वॉचमन आहे. सर तिथेच मराठी शिकवतात. त्यांच्या कथासंग्रहाचं प्रकाशन होतं. कोटावर मेडल लावून या, स्टेजवर उभे राहा, बोलायचं काही नाही, असं मला बजावलं होतं. शोभेची बाहुली!

त्या पुस्तकातली गाजलेली कथा माझी. पाचोऱ्याचा माझा जोडीदार बर्फातल्या चौकीवर मेला. फौजेत माणूस गेला की त्याच्या सामानाची काळी पेटी जोडीदार भरतो. घरी काय जाऊ द्यायचं, काय नाही, ते तोच ठरवतो. त्याची टोपी पार फाटलेली. त्याच्या आईनं ती बघू नये म्हणून मी माझी आत ठेवली. त्याच्या शवामागून पेटी गाडीत चढली तेव्हा सगळ्यांचे हात कपाळाला गेले. माझा नाही. बोडक्या डोक्यानं फौजेत सॅल्यूट होत नाही. सावधान उभा राहिलो, मुठी मांड्यांना चिकटवून. तो न उचललेला हात मला अजून खुपतो.

हे मी वहीत लिहिलं, बोलतो तसंच. मोठ्या आशेनं सरांना दाखवलं. दोन पानं चाळून म्हणाले, "भाषा फार गावठी आहे हो. तुम्ही अनुभव द्या, लिहायचं आमच्यावर सोडा." वही ठेवून घेतली. मी मान डोलावली. वर त्यांना चहाही आणून दिला!

पुस्तकाआधी कथा दिवाळी अंकात आली आणि गाजली. ती वाचली आणि माझा नुसता जळफळाट झाला. खोटं कशाला बोलू? ज्यानं बर्फ फक्त फ्रीजमध्ये पाहिला, त्याच्या सहीसाठी पोरंपोरी रांग लावतात, आणि मी त्याच्या गाडीसाठी फाटक उघडतो. त्यात वाक्यं चांगली होती त्यांची. ते जास्त झोंबलं. बायको म्हणाली, "बठ्ठं तुम्हनं शे ना? मंग तुम्ही गप काबर?" सगळं माझं आहे तर गप का, असं विचारलं म्हणून मी तिच्यावरच खेकसलो.

पण शेवट त्यांनी बदलला होता. त्यांचा हवालदार उघड्या डोक्यानं कडक सॅल्यूट ठोकतो. प्रकाशनाच्या दिवशी सरांनी ते वाचून दाखवलं आणि सभागृहात टाळ्याच टाळ्या. लगेच मला हुकूम.

माझं डोकं बोडकं. हात हलला जरासा. हुकूम ऐकायची सवय, दुसरं काय! मग मूठ मांडीला चिकटवली.

"अहो, सॅल्यूट!" सर दबक्या आवाजात म्हणाले.

मी माइकपाशी गेलो. "टोपी नाही तर सॅल्यूट नाही, सर. हे फौजेतलं पोरगंही जाणतं. तुम्हाला ठाऊक नाही, कारण ती कथा तुमची नाही. माझी वही द्या."

सर हसले. पाहुणे मोबाइल बघू लागले. टाळी एकही पडली नाही. मी उतरलो आणि बसनं धुळ्याला आलो.

वही अजून मिळालेली नाही. मी नवी आणली, पहिलं पान बायकोला वाचून दाखवलं. सरांचं पुस्तक खपतंय आणि मी जळतोय. जळतोय आणि लिहितोय. गावठी तर गावठी. नोकरी गेली तर गेली. माझी कथा कोणी छापली नाही तर त्याच गेटवर उभा राहून वाचीन, सरांची गाडी आत शिरताना. कथेखाली नाव माझं असेल. आणि शेवटी तो हात खालीच राहील.