ड्यूटीचे दात

दातांच्या डॉक्टरकडे किस्से साठतात तरी कसे, असं मला पुष्कळ जण विचारतात. पेशंट तर आ वासून पडलेला, तो बोलणार कधी? अहो, म्हणून तर साठतात! खुर्चीत अर्धा तास गप्प बसायची सक्ती झाली की माणूस उठल्या उठल्या सगळं एकदम सांगून टाकतो. तेही अर्धा ओठ बधिर असताना. मी हातमोजे काढत ऐकते आणि पुढच्या पेशंटला बोलावते.

माझा दवाखाना भाईंदरला, केबिन रोडच्या एका गल्लीत, पहिल्या मजल्यावर. खाली फरसाणवाला, वर मी. त्याच्या कडक चकलीवर माझं बरंच चालतं!

आमच्याकडे पेशंटला नावाने हाक मारत नाहीत. आधी मारायचो. पण बाकावर गुजराती, मारवाडी, भय्ये, मल्याळी, आगरी सगळे एका रांगेत. रिसेप्शनवरच्या मंदाताई लालबागच्या, आता इथेच इंद्रलोक वस्तीत राहतात. त्यांनी दोन-चार नावांचा असा काही चुराडा केला की बाकावर भांडणं झाली. तेव्हापासून त्यांनी नाती लावली. "काका, या." "भाभी, आइए." "बेन, आवो." "आजोबा, सावकाश हं, पायरी आहे."

कोणाला कोणतं नातं, हे मंदाताई चेहरा बघून ठरवतात. त्यांचा अंदाज सहसा चुकत नाही. चुकला, की माझा एक किस्सा वाढतो.

* * *

एकदा दोन भाऊ आले. इथले जुने, घरची शेतं आणि मिठागरं असलेले. मंदाताईंनी एकाला हाक मारली, "दादा, तुम्ही थांबा. आधी आजोबांना जाऊ दे."

ज्यांना आजोबा म्हटलं ते जागचे हलेनात. मग म्हणाले, "अवो बाय, यो माजा मोठा भाव हाय. मी धाकला!"

मंदाताईंनी जीभ चावली. पण खरंच, थोरले ताठ, केस काळेभोर, तोंडात चकाचक दात. धाकटे वाकलेले, गालफडं आत गेलेली. वाटणीत थोरल्याच्या वाट्याला रस्त्याकडेचं शेत आलं, तिथे टॉवर उभा राहिला. धाकट्याच्या वाट्याला खाडीकडचं मिठागर आलं, ते अजून कोर्टात उभं आहे. धाकटे वीस वर्षं टेम्पो चालवतायत.

धाकट्यांनी स्वतःच समजूत घातली, "जमीन रस्त्याला लागली ना बाय, का मानूस म्हातारा व्हतच न्हाय!"

थोरले मोठ्यांदा हसले. हसायला त्यांना काय, दात होते!

* * *

सरलामावशी एका केटररकडे पोळ्या लाटतात. दाढ सुजवून आल्या. मी म्हटलं, रूट कॅनाल केलं तर दाढ वाचेल, चार वेळा यावं लागेल. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी त्यांना सिंगापूरला जायला सांगतेय.

"काढून टाका. आणि शेजारची पण काढा."

"अहो, शेजारची चांगली आहे!"

"आज आहे. पुढच्या वर्षी ती दुखली की परत खाडा. आज खाडा झालाच आहे, तर दोन्ही उरका ना एका पैशात!"

मी अर्थातच नकार दिला. चांगली दाढ कशी काढणार? ब्रश कसा करायचा, गुळण्या कशाच्या करायच्या, छान समजावून सांगितलं. मावशींनी मान डोलावली. दुखली तर लगेच या, म्हटलं. त्या लगेच आल्या नाहीत. वर्षभराने आल्या, शेजारची दाढ मुळापर्यंत किडलेली.

खुर्चीत बसता बसता म्हणाल्या, "बघा. बोलले होते ना? एक खाडा तुमच्याकडे बाकी आहे!"

* * *

आता गुरव. ह्यांचे किस्से वेगळे बांधून ठेवावेत इतके आहेत.

गुरव पेणकरपाड्याला एका खोलीत राहतात. तरुणपणी भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात स्टोअर सांभाळायचे. कारखाना बंद पडला, त्याला वीसेक वर्षं झाली. मग कुरिअर, मग मंडप डेकोरेटर, मग रद्दीचं दुकान, मध्ये मध्ये काहीच नाही. दर वेळी एखादा दात घेऊन माझ्याकडे यायचे आणि तो माझ्याकडेच ठेवून जायचे. "काढून टाका" ह्यापलीकडे त्यांनी कधी उपचार विचारला नाही.

एकदा मी जरा चिडून म्हटलं, "गुरव, वाचवता आली असती ही दाढ."

"मॅडम, नोकरी आणि दाढ. एकदा हलायला लागली की पडतेच. उगाच धरून बसायचं नाही."

घरी बायकोच्या दातांचं कसं काय, असं मी सहज विचारलं होतं. सुमन तिचं नाव, दवाखान्यात कधी आली नव्हती. "तिचं चाललंय लवंगेवर," गुरव म्हणाले. "आधी तुमचं तोंड उरकू दे, म्हणते."

* * *

दात गेले की चेहऱ्याचा खालचा मजला खचतो. ओठ आत जातात, हनुवटी वर येते. गुरव पन्नाशीच्या आतच मंदाताईंचे "आजोबा" झाले होते. त्यांनी एकदाही हरकत घेतली नाही. उलट म्हणायचे, बसमध्ये लोक उठून जागा देतात. "न कमावता मिळालेलं पहिलं प्रमोशन!"

पुढे बागेत सकाळी बसणाऱ्या ज्येष्ठ नागरिकांनी त्यांना आपल्यात ओढलं. रविवारी उपमा असायचा. उपमा चावावा लागत नाही, गुरव नियमाने जायला लागले. योगासनं करायचे, टाळ्या वाजवायचे, गुडघ्यांवरच्या चर्चेत भाग घ्यायचे.

एक दिवस सेक्रेटरींनी जाहीर केलं, ह्या महिन्यात गुरवांचा सत्तरीनिमित्त सत्कार! शाल आली, श्रीफळ आलं. फलकावर जन्मतारीख लिहायची म्हणून कोणीतरी आधार कार्ड मागितलं आणि घोटाळा झाला. गुरव चोपन्न वर्षांचे निघाले.

मला सांगताना त्यांना उपमा गेल्याचं जास्त वाईट वाटत होतं. "शाल चांगली होती हो. पण अजून सोळा वर्षं थांबा म्हणाले."

* * *

वरच्या मजल्यावरचे फिजिशियन माझे मित्र. त्यांच्याकडे गुरवांची शुगर सापडली. खाणं काय, विचारलं, तर चहात बुडवलेले टोस्ट, खिमट, पुन्हा टोस्ट. डॉक्टरांनी सांगितलं, भाकरी खा, कोशिंबीर खा, मूठभर चणे खा.

गुरवांनी बोळकं उघडून दाखवलं. "लोक म्हणतात, दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत. आमच्याकडे देवाने दोन्हीचा मेळ घातलाय. दोन्ही नाहीत!"

डॉक्टर हसले. संध्याकाळी खाली येऊन मला सांगितलं तेव्हा मीही हसले. पण मला राग येतो अशा वेळी, आणि तो कोणावर काढायचा ते कळत नाही.

* * *

एका नवीन सोसायटीला वॉचमन हवे होते. पक्का पगार, पीएफ, युनिफॉर्म. गुरवांना वीस वर्षांत अशी संधी आली नव्हती. ते एजन्सीत गेले. सुपरवायझरने मान वर करून बघितलं आणि पुन्हा मोबाइलमध्ये घातली. "अंकल, साठ के ऊपर नहीं लेते."

गुरवांनी आधार कार्ड पुढे केलं. त्यावर सुपरवायझर म्हणाला, "आधार पे तो कुछ भी छप जाता है. चेहरा देखो अपना."

मग दया आली असावी. सोसायटी गणपतीनंतर सुरू होणार आहे, तेव्हा एकदा दाखवून जा, म्हणाला. काय दाखवायचं, ते सांगितलं नाही.

गुरव तिथून थेट माझ्याकडे. "मॅडम, उरलेले काढा आणि कवळी बसवा. ही नोकरी गेली तर मी खराच सत्तरीचा होईन." पहिल्यांदाच ते हसत नव्हते. हप्त्यांचं मंदाताई बघतील, म्हटलं आणि त्याच दिवशी सुरुवात केली.

* * *

जखमा भरल्या, मापं घेतली. कवळी पक्की करायच्या आधी मेणात दात लावून एक ट्रायल असते. ट्रायलच्या दिवशी मी ती तोंडात बसवली आणि आरसा दिला. गुरव बराच वेळ बघत राहिले. गाल भरले होते, ओठ जागेवर आले होते. "हा कारखान्यातला गुरव," एवढंच म्हणाले.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. एजन्सीतून. सोसायटी लवकर सुरू होतेय, इंटरव्ह्यूला उद्याच या!

गुरव खुर्चीतून उठले आणि दाराकडे चालायला लागले.

"अहो, ते मेणाचे आहेत! द्या इकडे!"

"उद्याच्या दिवस राहू द्या."

"गरम चहा प्यायलात तर दात कपात पडतील!"

"मॅडम," गुरव अगदी गंभीर, "इंटरव्ह्यूला चहा कोण देतंय?"

मंदाताई दार अडवून उभ्या राहिल्या म्हणून दात वाचले. लॅबवाल्याच्या मी हातापाया पडले. दुसऱ्या दिवशी दुपारी पक्की कवळी आली, गुरव ती लावून तसेच एजन्सीत पळाले.

सुपरवायझर त्यांच्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, "पहले आपके पिताजी आये थे क्या?"

गुरवांनी क्षणभर विचार केला. "हाँ."

"अब कहाँ हैं?"

"गाँव भेज दिया!"

नोकरी लागली. मंदाताईंनी त्यांना त्याच दिवशी "आजोबा"वरून "भाऊ" केलं.

* * *

काही दिवसांनी ते चेकअपला आले. मी कवळी बघितली. इतकी स्वच्छ कवळी कुठल्याच डॉक्टरने कधी बघितली नसेल. एक ओरखडा नाही.

"गुरव, ही लावून जेवता ना?"

"छे! जेवायला लावली तर झिजेल. ती ड्यूटीची आहे." खिशातून स्टीलची डबी काढून दाखवली. गेटवर गेले की लावायची, सुटले की डबीत. घरी पुन्हा टोस्ट!

अर्धा तास मी त्यांना समजावलं. दात खाण्यासाठी असतात, झिजले तर मी बसलेय, शुगरचं काय, सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, बरं, रविवारी भाकरीला लावतो.

जाताना दाराशी थांबले. मंदाताई खाली चहा सांगायला गेल्या होत्या. "मॅडम, पहिला पगार झाला की सुमनला आणतो. आता तिचा नंबर. लवंग धरायलाही काही उरलं नाही तिच्याकडे."

* * *

आणि एका संध्याकाळी ते खरंच आले, ड्यूटीवरून तसेच. कडक इस्त्रीचा युनिफॉर्म, केसांना कलप, तोंडात सगळे दात. हसत हसत दार धरून उभे राहिले. त्यांच्यामागून, तोंडावर पदर धरून, एकेक पायरी टेकत सुमनताई वर आल्या. वाळलेल्या, पाठीत वाकलेल्या. गुरवांपेक्षा चार वर्षांनी लहान, हे मला नंतर कळलं.

मंदाताई तोंडभर हसल्या. टेबलामागून उठून बाकावरचा कोपरा त्यांनी स्वतः झटकला.

"या गुरवभाऊ! आज आईंना आणलंत का? बसा हं आई, पंख्याखाली बसा."

मी आतल्या दारात होते. गुरवांचं हसू तसंच राहिलं, दात दिसत राहिले, पण डोळे खाली गेले. मंदाताईंच्या काहीतरी लक्षात यायला लागलं होतं आणि त्यांचा हात झटकायच्या फडक्यावर तसाच थांबला होता.

सुमनताई सावकाश पंख्याखाली बसल्या. तोंडावरचा पदर काढला. समोरचा एकही दात नव्हता.

"काय करणार ताई," त्या मंदाताईंना म्हणाल्या, "पोरगं आत्ता कुठं नोकरीला लागलंय!"