अक्कापुढून नेलेलं ताट

बाप ख्रिस्ती होण्याआधी गावात आम्हाला माणूस म्हणून कुणी मोजत नव्हतं. खजुरीजवळचं आमचं खेडं. बाप मेलेली जनावरं ओढायचा, आई शेण वेचायची. लग्नकार्यात गावाची पंगत उठली की उरलंसुरलं घ्यायला आम्ही मांडवाबाहेर बसायचो. एकदा पावसाची सर आली म्हणून बाप दोन पावलं आत सरकला, तर काठीनं ढोसून त्याला बाहेर काढलं. पुढं तो मिशनचा उपदेशक झाला आणि आम्हा भावंडांना शाळा मिळाली. पण घरात कामाला एक माणूस लागतच होतं. शाळा अक्कानं सोडली, मी शिकलो. ती रानात राबायची आणि आठवड्याला माझ्या भाकरी बोर्डिंगात पोचवायची. हैदराबादला जाऊन मी बी.ए. झालो, आमच्या लोकांत पहिला. याचा अभिमान मला होता, आजही आहे. त्या अभिमानानं मी काय केलं, तेच इथं लिहायचं आहे.

अक्काचं लग्न ओढ्यापलीकडं, निंबर्ग्याच्या बाजूला झालं. ओढा म्हणजे दोन मिशनांची हद्द. अलीकडचे साहेब अमेरिकेचे, पलीकडचे विलायतेचे. आमच्यात पाण्यात बुडवून बाप्तिस्मा, त्यांच्यात कपाळावर पाणी शिंपडून. आमची गाणी मराठी, त्यांची कानडी. साहेबलोक गुलबर्ग्याला भेटले की एका टेबलावर चहा पीत. भांडत होतो ते आम्हीच. ज्या वादाचं मूळ सातासमुद्रापार, तो आम्ही घरचा समजून वाढवला. मी मिशनशाळेचा हेडमास्तर आणि मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, पंचांचा चिटणीस. पलीकडच्या माणसाला त्याच्या पाळकाच्या, म्हणजे धर्मगुरूच्या, दाखल्याशिवाय प्रभुभोजन द्यायचं नाही, हा नियम माझ्याच हट्टानं झाला होता.

आई वारली, त्यानंतरच्या रविवारी अक्का आमच्या प्रार्थनाघरात आली आणि बायकांत पुढं बसली. प्रभुभोजनात येशूच्या आठवणीनं पाव वाटतात, पण गव्हाचा पाव आमच्याकडं कुठला? ज्वारीच्या भाकरीचे तुकडे असत. पाळकांनी आशीर्वाद मागितला आणि ताट मी फिरवू लागलो. अक्कानं दोन्ही हात पुढं केले. मी हळूच विचारलं, "दाखला आणलास?"

तिला वाटलं मी चेष्टा करतोय. ती हसली. मी ताट तिच्यापुढून नेलं.

"कामून रे?" ती सगळ्यांदेखत बोलली. "माझ्या हातच्या भाकरी खाऊन बीए झालास, आन् मला एक तुकडा देईनास व्हय?"

मी म्हटलं, "अक्का, नियम आहे."

बापानं मान खाली घातली ती वर केली नाही. काठीनं बाहेर काढलेला तो माणूस, आणि त्याच्याच लेकीला मी प्रभूच्या पंगतीतून उठवलं. हे त्या दिवशी मला दिसलं नाही. मला दिसला तो नियम.

अक्का पुन्हा आली नाही. मीही गेलो नाही. आज जाऊ, उद्या जाऊ म्हणत दोन वर्षं काढली. मग तापानं ती गेली. मातीला गेलो, पण लांब उभा राहिलो. कानडी येत असून त्यांच्या गाण्यात तोंड उघडलं नाही. त्यानंतर मला प्रार्थना येईना. शब्द यायचे, पण ते कुणी ऐकतंय असं वाटायचं नाही.

त्या उन्हाळ्यात आळंदहून पायी परतत होतो. ओढ्याच्या अलीकडंच डोळ्यांपुढं अंधारी आली आणि मी पडलो. अर्धवट शुद्धीत एवढंच आठवतं, की एक गाडीवान तेलुगूत काही बोलत माझ्या तोंडावर पाणी मारत होता. त्यानं बैल वळवले ते ओढ्यापलीकडं. जाग आली तेव्हा मी निंबर्ग्याकडच्या मंडळीच्या प्रार्थनाघरात होतो, अक्काच्याच मंडळीत. गाडीवान निघून गेला होता. त्याला आधी कुणी पाहिलं नव्हतं, नंतरही तो कुणाला दिसला नाही. मी यावर जास्त काही म्हणत नाही.

अक्काची जाऊ नागम्मा मला ताकातली आंबील पाजायची. तिसऱ्या दिवशी धीर करून विचारलं, "अक्का माझ्याबद्दल काही बोलायची का?"

"दर ऐतवारी तुमचं नाव घेऊन प्रार्थना करायची की! म्हणायची, आमचा बीए मनाचा वाईट न्हाई, पुस्तकं लई झाल्यात डोस्क्यात."

मला हसू आलं, आणि मग रडू आवरेना.

रविवारी तिथंच प्रभुभोजन झालं. मी भिंतीकडं तोंड करून पडलो होतो. त्यांचे म्हातारे पाळक, सगळे त्यांना अप्पा म्हणत, ताट घेऊन माझ्याजवळ बसले. मी म्हटलं, "अप्पा, माझ्याकडं दाखला न्हाई."

"देवानं गाडीत घालून धाडलंय तुमाला. आता आनि दाखला कशाला, मास्तर? घ्या, हात म्होरं करा."

मी हात पुढं केले. देवाच्या ताटाची राखण करतोय असं मला इतकी वर्षं वाटत होतं. ताट त्याचं होतं. माझ्या हातात ते फक्त पुढच्या माणसापर्यंत न्यायला दिलं होतं. त्या दिवसापासून माझा शहाणपणा मी त्याच्या पायाशी ठेवत आलो आहे. रोज ठेवतो, रोज तो परत उचलला जातो, पुन्हा ठेवतो. गाडीवानाबद्दल, अप्पांबद्दल, नागम्माच्या आंबिलीबद्दल मी देवाचे उपकार मानतो. अक्काची क्षमा मात्र मला तिच्यासमोर मागता आली नाही, आणि ते दुःख त्यानं काढून घेतलेलं नाही.

घरी परतल्यावर भर मंडळीत मी माझी चूक कबूल केली आणि नियम मागं घ्या म्हणून उभा राहिलो. पंच माझ्यावरच हसले, "बीए आता उलटा धडा शिकवायलाय." समजूत घालायला तीन वर्षं लागली. शेवटी दोन्ही पाळकांनी आणि दोन्ही साहेबांनी नियम मागं घेण्याच्या ठरावावर सह्या केल्या. आता ओढ्याच्या दोन्ही काठांची मंडळी महिन्यातून एकदा एकत्र प्रभुभोजन घेते, एक गाणं मराठी, एक कानडी, आणि दाखला कुणाला विचारला जात नाही.